तुर्की नक्षीचे मोजे: हा मोजा ताणत नाही, हे धरून विणा

अर्धवट राहिलेल्या तुर्की मोज्यांचे फोटो मला वरचेवर येतात. नक्षी बहुधा छान उतरलेली असते आणि रंगही नीट निवडलेले असतात. तक्रार मात्र एकच असते: टाचेवरून वर चढत नाही.

कारणही जवळजवळ नेहमी तेच असतं. आपण मोजे विणायला शिकलो ते वरून खाली. आधी रिबची पट्टी, मग घोटा, टाच, शेवटी बोटं. तो मोजा एकरंगी आणि सुलट विणीचा, म्हणून रबरासारखा ताणतो आणि माप थोडं चुकलं तरी पाय सांभाळून घेतो. अनातोलियातला, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातला, नक्षीदार मोजा (तुर्कीत मोज्याला ‘चोराप’ म्हणतात) बोटांच्या टोकापासून वर विणतात. त्यात प्रत्येक फेरीला दोन दोरे चालतात. जो रंग विणला जात नसतो तो मागून आडवा जातो, आणि ताणाला हाच मागचा दोरा आडवा येतो. टाके ताणायला तयार असले तरी तो देत नाही. त्यामुळे कापड दुहेरी, उबदार आणि टिकाऊ होतं, पण लवचीक होत नाही. खालची प्रत्येक पायरी ही एक गोष्ट गृहीत धरून लिहिली आहे.

सुलट-उलट, टाके वाढवणं-घटवणं आणि गोल विणणं तुम्हाला येतं असं मी धरते. गोल विणणं येत नसेल तर आधी एकरंगी टोपी विणा, मग इकडे या.

## १. सामान: इथेच निम्मे मोजे बिघडतात

सुया. दोन्ही टोकांच्या पाच सुया, २.२५ मिमी. चार सुयांवर टाके, पाचवीने विणायचं. लांब गोल सुईवरही होतं, पण पहिला मोजा पाच सुयांवर करावा. चार सुया म्हणजे चार भाग, आणि मोजणी डोळ्यांसमोर राहते.

आपल्या बाजारात सुयांचे जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: १४ म्हणजे २ मिमी, १३ म्हणजे २.२५, १२ म्हणजे २.७५. अमेरिकी नंबर याच्या उलट चालतात. तिथे २.२५ मिमीच्या सुईला १ नंबर आहे आणि १३ नंबरची सुई चक्क ९ मिमी जाडीची आहे. ऑनलाइन मागवताना नंबर पाहू नका, मिमी पाहा.

लोकर. दोन रंग, एकाच जाडीचे आणि शक्यतो एकाच कंपनीचे. मोज्यांसाठी मिळते ती, १०० ग्रॅमला साधारण ४०० मीटर भरणारी, घट्ट पिळाची लोकर घ्या. दुकानात ‘लोकर’ म्हणून हातात येतं ते पुष्कळदा ॲक्रिलिक असतं, तेव्हा लेबल वाचा. ॲक्रिलिकचा मोजा होतो, पण धुतल्यावर टाके एकमेकांत बसत नाहीत आणि पहिल्या दिवशीचा उंचसखलपणा तसाच राहतो. सैल पिळाची मऊ ‘बेबी’ लोकर तर नकोच. तळव्याला आठवड्याभरात गोळे धरतात.

प्रत्येक रंगाचे ५० ग्रॅमचे दोन गुंडे घ्या. थोडं उरेल, पण दुसऱ्या मोज्याच्या घोट्याला रंग संपणं परवडत नाही.

रंगांतला फरक. एक रंग गडद, एक फिका. दुकानात मरून आणि बाटलीहिरवा वेगळे दिसतात, पण फोनवर काळा-पांढरा फोटो काढून पाहा. दोन्ही एकाच राखाडीत मिसळले तर नक्षी दिसणारच नाही.

> तपासा. गडद रंगाचा, विशेषतः लाल रंगाचा, वीतभर दोरा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती कापडात दाबून रात्रभर ठेवा. कापडाला रंग लागला तर ती लोकर दुसऱ्या कामाला वापरा. लाल-पांढरा मोजा पहिल्या धुण्यात गुलाबी झालेला मी पाहिला आहे. माझाच होता.

याखेरीज जाड डोळ्याची बोथट सुई, टेप, आणि वेगळ्याच रंगाचा गुळगुळीत सुती दोरा लागेल. हा सुती दोरा टाचेसाठी आहे, तो विसरू नका.

## २. मापाचा तुकडा, तोही गोल आणि दोन रंगांत

सपाट तुकडा सुलट-उलट सुया घालून विणला तर माप खोटं येतं, कारण उलट सुईचा हात वेगळा पडतो. एकरंगी तुकडाही चालत नाही, कारण मागचा दोरा कापड आत ओढतो.

म्हणून ४० टाके घाला, चार सुयांवर वाटा आणि खालच्या नक्षीने ६ सेंमीची नळी विणा. धुवा, सपाट वाळवा. मग नळी टेबलावर पसरून रुंदी मोजा आणि दुप्पट करा. रुंदी ६.२५ सेंमी आली तर घेर १२.५ सेंमी, म्हणजे १ सेंमीत ३.२ टाके. हेच माप हवं. उंचीही मोजून ठेवा. माझ्या हाताने १० सेंमीत सुमारे ३४ फेऱ्या बसतात, आणि पुढची गणितं त्यावर आहेत.

नक्षी. सरावासाठी मी पाण्याच्या वाटेसारखी नागमोडी पट्टी घेते. अशा वळणाला तुर्कीत ‘सू योलू’, म्हणजे पाण्याची वाट, म्हणतात. तीच नक्षी दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाने मिळाली तर गोंधळू नका. ८ टाक्यांचा नमुना, ८ फेऱ्या:

- पहिली फेरी: ४ गडद, ४ फिके
- दुसरी: १ फिका, ४ गडद, ३ फिके
- तिसरी: २ फिके, ४ गडद, २ फिके
- चौथी: ३ फिके, ४ गडद, १ फिका
- पाचवी: ४ फिके, ४ गडद
- सहावी चौथीसारखी, सातवी तिसरीसारखी, आठवी दुसरीसारखी

मागचा दोरा कुठेही चार टाक्यांपेक्षा लांब जात नाही, कडेच्या पट्टीजवळ फार तर पाच. मेंढ्याच्या शिंगांची किंवा हुकासारख्या आकड्यांची नक्षी पुढच्या जोडीला घ्या.

ग्राफ पाहून विणणाऱ्यांना एक सूचना. गोल विणकामात प्रत्येक फेरी उजवीकडून डावीकडे वाचायची. सपाट विणकामाची सवय असलेले एकआड एक ओळ उलटी वाचतात आणि नक्षी का तुटते ते त्यांना कळत नाही. ग्राफ खालून वर चढायचा, कारण मोजाही खालून वर चढतो.

## ३. पायाची मापं

तीन मापं घ्या, पायावर उभं राहून. बसून घेतलं तर पाऊल पसरत नाही आणि माप कमी येतं.

1. चवड्याचा घेर, बोटांच्या मुळाशी.
2. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत लांबी.
3. टाचेचं टोक आणि पावलाचा उंचवटा यांभोवती तिरका घेर.

एकरंगी मोजा चवड्याच्या घेरापेक्षा दहाएक टक्के लहान करतात. इथे तसं करू नका. घेराएवढाच, फार तर अर्धा सेंमी लहान. ७२ टाके ÷ ३.२ = २२.५ सेंमी, म्हणजे २२.५ ते २३ सेंमी चवड्याच्या पायाला बरोबर.

पाय २४ सेंमीचा असेल तर? टाके वाढवू नका, सुई बदला. २.५ मिमीवर १ सेंमीत ३ टाके आले की तेच ७२ टाके २४ सेंमी होतात. २ मिमीवर ३.४ आले की २१ च्या आसपास. टाके बदलायला गेलात तर कडेची पट्टी आणि ८ चा नमुना यांचा हिशेब मोडतो. या नमुन्याला ७२ नंतर थेट ८८ टाके जमतात आणि त्याआधी ५६, जे लहान मुलाच्या साडेसतरा सेंमी पायाला होतात.

तिसरं माप वहीत लिहून ठेवा. टाचेच्या वेळी त्याच्यावरच निकाल लागतो. २२.५ चवड्याच्या पायाला ते ३० च्या आसपास भरतं, पण उंच कमान असेल तर बरंच जास्त.

## ४. बोटांचं टोक: दोन सुयांवर वेढे

टाके घालण्याची ही पद्धत तुर्की नावानेच ओळखली जाते. तिच्यात टोकाला शिवण येत नाही. पहिल्यांदा करताना ती हातात निसटते, दुसऱ्यांदा सोपी वाटते.

1. दोन सुया एकावर एक समांतर, डाव्या हातात, टोकं उजवीकडे.
2. गडद दोऱ्याचं शेपूट दोन सुयांच्या मधून पुढे काढून अंगठ्याने दाबून धरा. वीतभर लांब असू द्या.
3. दोरा दोन्ही सुयांच्या मागून वर न्या, वरच्या सुईवरून पुढे आणा, खाली उतरवा, खालच्या सुईखालून मागे न्या. हा एक वेढा. डावीकडून उजवीकडे असे ६ वेढे घाला. घट्ट ओढू नका.
4. तिसऱ्या सुईने वरच्या सुईवरचे ६ वेढे सुलट विणा.
5. काम अर्धं फिरवा, म्हणजे खालची सुई वर येईल. तिच्यावरचे ६ सुलट विणा.

> तपासा. वरच्या सुईवर ६ आणि खालच्या सुईवर ६ आहेत ना? दोन्ही वेगवेगळे मोजा. नेहमीची चूक म्हणजे वर सहा, खाली पाच.

वरच्या सुईचा शेवटचा टाका, शेपटाजवळचा, सैल पडतो. घाबरू नका. पुढच्या फेरीनंतर शेपूट ओढा, तो बसतो.

आणखी एक फेरी गडद रंगानेच, काही न वाढवता. या फेरीत प्रत्येक सहा टाके दोन सुयांवर वाटा. आता तुमच्याकडे दोन बाजू आहेत, एक पावलाची वरची आणि एक तळव्याची. शेपटाच्या समोरच्या कडेला, जिथे विणायचा दोरा आहे तिथे, खुणेचा दोरा बांधा. फेरी तिथून सुरू होते आणि ती कड मोज्याच्या शेवटापर्यंत विसरायची नाही.

## ५. वाढ आणि कडेची पट्टी

प्रत्येक बाजूचे पहिले दोन आणि शेवटचे दोन टाके पट्टीचे. अगदी कडेचा गडद, त्याच्या आतला फिका. दोन बाजू जिथे मिळतात तिथे फिका-गडद-गडद-फिका अशी चार टाक्यांची पट्टी दिसते. ती नुसती शोभा नाही. फेरीच्या जोडावर नक्षीची पायरी तुटते ती हिच्यात लपते, आणि कुठे वाढवायचं हे ती सांगते.

फिका दोरा आता जोडा. यापुढे प्रत्येक फेरीत प्रत्येक बाजूला दोन, म्हणजे फेरीला चार टाके वाढवा: पट्टीचे पहिले दोन विणले की वाढ, शेवटच्या दोनच्या आधी वाढ. वाढीसाठी दोन टाक्यांमधला आडवा दोरा उचलून, पिळून विणा. न पिळता विणला तर भोक पडतं.

१२ टाक्यांपासून ७२ पर्यंत अशा १५ फेऱ्या होतात. प्रत्येक बाजूला ३६ टाके: ४ पट्टीचे आणि मध्ये ३२, म्हणजे ८ चे बरोबर चार नमुने.

वाढीच्या भागात मोठी नक्षी घालू नका, टाके दर फेरीत बदलत असतात. एक गडद एक फिका, आणि पुढच्या फेरीत खालच्या टाक्याच्या उलट रंग. डोळ्यांना दिसतं, मोजायची गरज नाही. नव्या वाढवलेल्या टाक्याचाही रंग तोच क्रम सांगेल तो.

हे टोक आपल्या नेहमीच्या मोज्यापेक्षा निमुळतं दिसतं, आणि तसंच असावं. पाय आत गेला की पसरतं. फारच बोथट बोटं असतील तर ६ ऐवजी ८ वेढ्यांनी सुरुवात करा. मग मधले टाके २ ऐवजी ४ आणि फेऱ्या १५ ऐवजी १४.

> थांबा. १५ फेऱ्या झाल्या की पाय घालून पाहा. टोक करंगळीच्या मुळापर्यंत सहज पोहोचलं पाहिजे. आत्ताच चवड्यावर ओढ बसत असेल तर उसवा. पुढे गेल्याने सैल होत नाही.

## ६. दोन दोरे धरणं

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण मोजा इथेच सैल किंवा घट्ट ठरतो.

अनातोलियातल्या विणकर बायका दोरा मानेभोवतून किंवा छातीशी टोचलेल्या आकड्यातून घेतात, त्यामुळे ताण आपोआप सारखा राहतो. आपल्याला त्याची सवय नाही. आपण एक रंग उजव्या हातात, एक डाव्या हातात धरू. दोन्ही एकाच हातात धरून गुंता सोडवत बसण्यापेक्षा चार दिवसांचा सराव बरा.

कोणता रंग कुठे, हे एकदा ठरवा आणि बदलू नका. मागच्या बाजूला जो दोरा दुसऱ्याच्या खालून येतो त्याचे टाके किंचित मोठे आणि ठळक पडतात. नक्षी गडद रंगाची असेल तर गडद दोरा कायम खालून. मधेच अदलाबदल केली तर नक्षीत एक फिकट पट्टा दिसतो, आणि तो धुऊनही जात नाही. दुसऱ्या मोज्यालाही हाच नियम. मी एका चिठ्ठीवर लिहून गुंड्याला टाचणीने लावते.

मागचा दोरा. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे विणलेले टाके बोटांनी पसरा, मग नव्या रंगाने विणा. दोरा त्या पसरलेल्या रुंदीएवढा मागून जाईल. लटकता फास होणार नाही इतका सैल, पण टाके आवळणार नाही इतका. शंका आली तर सैलच सोडा. सैल दोरा धुतल्यावर थोडा सावरतो, आवळलेला कधीच सुटत नाही.

सुयांचे सांधे. एका सुईवरून दुसरीवर जाताना कोपरा येतो, आणि मागचा दोरा कोपऱ्यातून आखूड रस्त्याने जातो. चार सांध्यांवर चार आवळलेल्या उभ्या रेषा तयार होतात. यावर चांगला उपाय आहे: मोजा उलटा करून विणा. म्हणजे दोऱ्यांची बाजू बाहेर, सुलट बाजू आत, आणि तुम्ही पलीकडच्या सुयांवर विणताय. आता मागच्या दोऱ्याला बाहेरून लांब रस्त्याने जावं लागतं. विचित्र वाटतं, पण पहिल्या दहा मिनिटांत हात बसतो.

पाचपेक्षा जास्त टाके एकाच रंगाचे आले तर मध्ये मागचा दोरा एकदा अडकवून घ्या, नाहीतर बोटं त्यात अडकतात. या नमुन्यात ती वेळ येत नाही.

## ७. तळवा आणि पावलाची वरची बाजू

वाढ संपली. आता दोन्ही बाजूंना पट्टी + ३२ टाक्यांची नक्षी + पट्टी. तळव्यालाही नक्षी असते, कारण तो जाड आणि उबदार हवा. आपल्यासारखंच तिथेही चपला-बूट दाराशी काढतात, तेव्हा तळवे दिसतातही. तळव्याला छोटी, दाट नक्षी घेतली तर जास्त टिकते, पण पहिल्या जोडीला दोन्हीकडे एकच ठेवा.

किती विणायचं? मोज्याची लांबी पावलापेक्षा १ सेंमी कमी. २४ सेंमी पावलाला २३ सेंमी. त्यातून टाचेचे ५ सेंमी वजा करा: टोकापासून १८ सेंमी झालं की थांबायचं. टोकाचे ५ सेंमी आधीच झाले आहेत, म्हणजे उरले १३ सेंमी, साधारण ४४ फेऱ्या.

सेंमीवर विसंबून दुसरा मोजा विणू नका, फेऱ्या लिहून ठेवा. हात रोज बदलतो. परीक्षेच्या काळात विणलेला मोजा घट्ट येतो हे घराघरांतलं सत्य आहे.

## ८. टाचेची खूण

फेरीच्या सुरुवातीपासून पावलाच्या वरच्या बाजूचे ३६ टाके नक्षीने विणा. मग:

1. दोन्ही लोकरी सोडून द्या. तळव्याचे ३६ टाके त्या परक्या सुती दोऱ्याने सुलट विणा.
2. हे ३६ टाके पुन्हा डाव्या सुईवर सरकवा.
3. आता तेच टाके लोकरीने विणा.

कापडात सुती दोऱ्याची एक ओळ शिवल्यासारखी दिसेल. नंतर ती काढून तिथे टाच बसवायची.

इथून पोटरीची नक्षी लागते, आणि हा हिशेब पुष्कळजण चुकवतात. पट्टीचे टाके आता नक्षीत घ्यायचे आहेत: ७२ म्हणजे ८ चे ९ नमुने. नमुना फेरीच्या तिसऱ्या टाक्यापासून मोजा, पहिल्यापासून नाही. तसं केलं तर पावलावरची नक्षी अखंड वर चढते, आणि मागची चार टाक्यांनी सरकते. ती सरक नेमकी टाचेच्या फटीच्या वर येते, तिथे कुणी पाहत नाही. लोकरीने पुन्हा विणलेली ३६ टाक्यांची ओळ या नव्या हिशेबातली पहिली.

> थांबा. सुती दोरा तळव्याच्या बाजूला घातला का? वरच्या बाजूला घातलेले मोजे मी पाहिले आहेत. नक्षी दोन्हीकडे सारखी असली की ही चूक सहज होते. टोकाकडची खूण पाहा: फेरी तिथून सुरू होऊन आधी पावलाची वरची बाजू, मग तळवा.

## ९. टाच, आणि निकालाची जागा

पोटरी पूर्ण विणून मग टाच करण्याचा रिवाज आहे. मी पहिल्या जोडीसाठी तसं सांगणार नाही. पोटरीचे ४ सेंमी विणा, टाके दोऱ्यावर घ्या आणि आता टाच करा. बसली नाही तर चारच सेंमी उसवायचे.

टाके उचलणं. सुती दोरा आधी काढू नका. त्याच्या खालच्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याचा उजवा पाय एका सुईवर उचला, ३६ झाले पाहिजेत. वरच्या ओळीतलेही तसेच ३६. तिथे कडेला अर्धे फास येतात, ते धरून मोजा. मोजणी जमली की मगच दोरा मधोमध कापून दोन्ही बाजूंना ओढून काढा.

फट मोजा. आता मोजा पायात घाला, सुया तशाच ठेवून, सांभाळून. खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत, टाचेच्या टोकावरून टेप लावा. १० सेंमी भरले तर पुढचा हिशेब बरोबर: टाच दोन्ही बाजूंनी पाच-पाच सेंमी भरून काढते. ११ आले तर आणखी दोन फेऱ्या न घटवता विणाव्या लागतील, १२ आले तर चार. तिसरं माप मोठं असणाऱ्यांना हेच लागतं. ही एक मोजणी केली असती तर फोटोंतले बहुतेक मोजे पायात चढले असते.

विणणं. दोन्ही लोकरी एका कोपऱ्यात जोडा, वीतभर शेपूट ठेवा. दोन्ही कोपऱ्यांत, जिथे दोन ओळी मिळतात, तिथला सैल फास उचलून एक-एक जादा टाका घ्या आणि पुढच्या फेरीत शेजारच्या टाक्यासोबत एकत्र विणून टाका. असं केलं नाही तर घोट्याच्या दोन्ही बाजूंना भोकं राहतात. शेपटाने ती नंतर शिवता येतात, पण शिवण रुतते.

टोकासारखीच चारी कडांना पट्टी, मध्ये एक गडद एक फिका. आधी दोन फेऱ्या न घटवता, अधिक फटीने सांगितल्या तितक्या. मग प्रत्येक फेरीत चार टाके घटवा:

- बाजूच्या सुरुवातीला, पट्टीच्या दोन टाक्यांनंतर: एक टाका न विणता घ्या, पुढचा विणा, न विणलेला त्याच्यावरून ओलांडून टाका.
- बाजूच्या शेवटी, पट्टीच्या दोन टाक्यांआधी: दोन एकत्र सुलट.

दोन्हीकडे एकच घट वापरली तर टाच एका अंगाला कलते.

१५ फेऱ्यांनी १२ टाके उरतील. सहा-सहा समोरासमोर घेऊन बोथट सुईने, एकामागून एक, टाक्याच्या वाटेने जोडा. गोळा करून बांधू नका. ती गाठ बुटात टोचते.

> तपासा. पुन्हा पायात घाला. टाचेचं टोक तुमच्या टाचेच्या टोकावर आहे का? तळव्याखाली आलं तर पाऊल आखूड आहे, घोट्याकडे चढलं तर लांब.

## १०. पोटरी आणि कड

पोटरीत नवं काही नाही. जोड आधीच्याच कडेला ठेवायचा आणि नक्षी चालू ठेवायची. १० ते १२ सेंमीच्या वर जायचं असेल तर पोटरी रुंदावते, कापड रुंदावत नाही. तेव्हा शेवटच्या भागाला २.५ किंवा २.७५ मिमीची सुई घ्या.

गावच्या मोज्यांना पुष्कळदा रिबची कड नसते. कड साधी मिटवतात, आणि कधी गोंडा किंवा वळलेला दोरा लावतात. रोजच्या वापराला मी गडद रंगाने दोन सुलट दोन उलट अशा १२ फेऱ्या विणते.

टाके मिटवताना हातातल्या सुईपेक्षा दोन मापांनी जाड सुई घ्या. ही कड टाचेवरून जाणार आहे, म्हणजे तिला तुमच्या तिसऱ्या मापाएवढं, तीसेक सेंमी, उघडता आलं पाहिजे. मिटवून झालं की टेप धरून ताणून पाहा. २६ वर अडली तर उसवा आणि आणखी सैल मिटवा. ही ओळ उसवायला पाच मिनिटं लागतात, पण कंटाळा करून पुष्कळ मोजे इथेच अडकतात.

## ११. धुणं आणि दुसरा मोजा

शेपटं मागच्या दोऱ्यांतून ओवून घ्या, गाठ नको. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सपाट वाळवा. दोरीवर टांगलेला ओला मोजा लांबतो आणि अरुंद होतो. वॉशिंग मशीन आणि गरम पाणी हा लोकर आटवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. पावसाळ्यात ठेवताना पूर्ण कोरडे करून ठेवा, आपल्याकडे कसरीइतकीच बुरशीचीही भीती असते.

दुसरा मोजा पहिला धुण्याआधीच सुरू करा, तोच हात, तेच दिवस. टाचेला किती जादा फेऱ्या घातल्या ते वहीत पाहा. पावलाच्या फेऱ्या मोजा आणि मोजे तळव्याला तळवा लावून धरा. दोन-तीन मिमीचा फरक धुण्यात जातो, एक सेंमीचा जात नाही.